टीएसएच कंट्रोल सीरम : अंबड (नाशिक) येथील प्रकल्पाच्या नोंदी

३ जून २०२४
आजपासून टीएसएच म्हणजे थायरॉइड उत्तेजक संप्रेरकाच्या चाचणीसाठी लागणारे कंट्रोल सीरम, म्हणजे चाचणी नीट चालते का हे पाहण्यासाठीचा, आकडा आधीच माहीत असलेला नमुना, आपल्याच प्रकल्पात तयार करण्याचे काम अधिकृतरीत्या सुरू झाले आहे. आपल्या किट नाशिकबरोबरच मालेगाव, संगमनेर, धुळे या भागांतील लहान-मध्यम प्रयोगशाळांत जातात. किटबरोबर दिलेला कंट्रोल बाहेरून घेतलेला असल्याने त्याची किंमत आणि त्याचा लॉट या दोन्ही गोष्टी आपल्या हातात राहत नाहीत, अशी विक्री विभागाची जुनी तक्रार आहे. तीन पातळ्या ठरल्या आहेत : प्रति लिटर सुमारे ०.४, ५ आणि २० मिली युनिट. प्रौढांची सर्वसाधारण संदर्भकक्षा ०.४ ते ४ च्या आसपास असल्याने पहिली पातळी कक्षेच्या खालच्या काठावर, दुसरी वरच्या काठापलीकडे आणि तिसरी उघड हायपोथायरॉइडिझमच्या, म्हणजे थायरॉइड मंदावल्याच्या, भागात पडते.

संप्रेरक कुठून आणायचे, यावर फार चर्चा झाली नाही. पूर्वी ते शवविच्छेदनात मिळालेल्या मानवी पियूषिका (पिट्युटरी) ग्रंथींपासून शुद्ध केले जाई. त्यात एलएच आणि एफएसएच या पियूषिकेच्याच दुसऱ्या संप्रेरकांचे अंश राहत, माल मोजकाच मिळे, आणि १९८५ मध्ये पियूषिकेतून काढलेल्या वाढीच्या संप्रेरकामुळे क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा मेंदूचा जीवघेणा आजार झाल्याचे उघड झाल्यापासून अशा ग्रंथींकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. रोजच्या कामासाठी म्हणून रिकॉम्बिनंट, म्हणजे मानवी जनुक दुसऱ्या पेशीत घालून बनवलेले, संप्रेरक हाच मार्ग उरतो.

१० जून २०२४
मालाची निवड. टीएसएच दोन साखळ्यांचे बनलेले असते. ९२ अमिनो आम्लांची अल्फा साखळी एलएच, एफएसएच आणि गर्भावस्थेतील एचसीजी यांच्याशी सामाईक असते, तर ११८ अमिनो आम्लांची बीटा साखळी टीएसएचची स्वतःची असते. अल्फावर दोन ठिकाणी आणि बीटावर एका ठिकाणी शर्करेच्या फांद्या जोडलेल्या असतात. ई. कोलाय या जीवाणूत बनवलेला माल स्वस्त पडतो, परंतु जीवाणू या शर्करा जोडत नाही आणि दोन्ही साखळ्यांतील मिळून अकरा डायसल्फाइड बंध (साखळीला आकार देणारे गंधकाचे दुवे) त्याच्याकडून नीट जुळतीलच असे नाही. असा माल प्रतिपिंड तयार करण्यासाठी प्राण्याला टोचायला चालेल, कंट्रोलसाठी चालणार नाही. म्हणून सस्तन प्राण्यांच्या पेशींत, म्हणजे चिनी हॅमस्टरच्या अंडाशयाच्या पेशींत किंवा मानवी एचईके २९३ पेशींत बनवलेलाच माल मागवायचा, असे ठरले.

तरीही हॅमस्टरच्या पेशींतले टीएसएच पियूषिकेतल्यासारखे तंतोतंत नसते. पियूषिकेत शर्करेच्या काही फांद्यांच्या टोकाला सल्फेट जोडलेले असते, तर हॅमस्टरच्या पेशींत त्यासाठी लागणारी एन्झाइमे नसल्याने टोकाला सायलिक आम्ल येते. सल्फेटचे टोक यकृतातील पेशी ओळखतात आणि असे संप्रेरक रक्तातून लवकर उचलतात. सायलिक आम्लाचे टोक असलेले संप्रेरक जास्त वेळ फिरत राहते. परीक्षानळीत यकृत नसल्यामुळे हा फरक आपल्याला लागू नाही, असे बैठकीत एकाने सुचवले. मला ते पटलेले नाही. शर्करा प्रथिनाचा बराच पृष्ठभाग झाकते आणि चाचणीतला प्रतिपिंड पृष्ठभागच ओळखतो. हा मुद्दा मूल्य ठरवताना पुन्हा येणार आहे.

खरेदीच्या कागदावर लेखा विभागाने ‘थायरॉइड हार्मोन’ एवढेच लिहिले होते, ते दुरुस्त करून घेतले. थायरॉइड ग्रंथी स्वतः जे संप्रेरक बनवते, ते थायरॉक्सिन, चार आयोडीन अणू असलेला एक लहान रेणू आहे. गोळीतले लेव्होथायरॉक्सिन रासायनिक पद्धतीने बनते, त्यासाठी जनुक कुठल्या पेशीत घालावे लागत नाही. आपण मागवतो आहोत ते पियूषिकेचे, थायरॉइडला हुकूम देणारे प्रथिन. सीमाशुल्क आणि कुरिअर दोन्हींकडे हा फरक कागदावर स्पष्ट असलेला बरा, कारण एक औषध म्हणून अडकू शकते आणि दुसरे ‘केवळ संशोधनासाठी’ या शिक्क्यासह येते.

१९ जून २०२४
पार्सल मुंबईहून कसारा घाटातून काल संध्याकाळी यायचे होते, ते पावसामुळे आज सकाळी आले. खोक्यात कोरडा बर्फ अजून शिल्लक होता. माल शुष्क पूड स्वरूपात असल्याने काही तासांच्या उशिराने बिघडण्याची शक्यता कमी, पण शक्यता कमी असणे आणि नोंद हातात असणे यांत फरक आहे. पुढच्या खेपेसाठी शेजारच्या द्राक्ष निर्यातदाराकडून तापमान नोंदवणारे लॉगर मागून घेतले. कंटेनरमधली द्राक्षे शून्य अंशाच्या आसपास युरोपात पोहोचली की नाही, हे पाहण्यासाठी ते हंगामात वापरले जातात आणि पावसाळ्यात कपाटात पडून असतात. उणे तापमानाला ते कुठपर्यंत चालतात, हे मात्र पुठ्ठ्यावर वाचून घेतले, कारण कोरडा बर्फ उणे ७८ अंशांचा असतो आणि द्राक्षांसाठीचा लॉगर त्याच्या थेट संपर्कात ठेवण्यासाठी बनलेला नसतो. तो खोक्याच्या वरच्या थरात, पुठ्ठ्याच्या आड ठेवायचा.

२१ जून २०२४
वायल, म्हणजे मालाची छोटी कुपी, उघडली. आतला माल डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. तळाशी पांढुरका, धुरकट डाग असतो आणि झटक्याने झाकण उघडले तर तोही झाकणाला चिकटतो. म्हणून आधी सेंट्रिफ्यूजमध्ये थोडा वेळ फिरवून पूड तळाशी आणली, मग ०.५ मिलिलिटर बफर (सामू स्थिर ठेवणारे द्रावण) भिंतीवरून हळू सोडले. वायल हलवली नाही. फेस येऊ दिला तर प्रथिन हवेच्या पृष्ठभागावर उलगडते. थंड जागी अर्धा तास तशीच ठेवून, मधूनमधून दोन बोटांत धरून फक्त कलती केली.

हिशेब असा. वायलमध्ये ५० मायक्रोग्रॅम आहेत. शुद्ध टीएसएचची क्रियाशीलता प्रति मिलिग्रॅम सुमारे ५ आंतरराष्ट्रीय युनिट धरली, तर एका वायलमध्ये २५० मिली युनिट भरतात. तिसऱ्या पातळीच्या, म्हणजे २० मिली युनिटच्या एक लिटर सीरमसाठी ४ मायक्रोग्रॅम, म्हणजे या द्रावणाचे फक्त ४० मायक्रोलिटर लागतील. दुसऱ्या पातळीसाठी १० मायक्रोलिटर. पहिल्या पातळीसाठी एक मायक्रोलिटरही लागत नाही, त्यामुळे टप्प्याटप्प्याने विरलन करण्याला पर्याय नाही.

विरलनातच खरा धोका आहे. नॅनोग्रॅमच्या पातळीवर प्रथिन साध्या प्लॅस्टिकच्या भिंतीला चिकटून बसते आणि नळी बदलली की प्रत्येक वेळी थोडे मागे राहते. विरलनाच्या प्रत्येक बफरमध्ये म्हणून आधीच १ टक्का बोवाइन सीरम अल्ब्युमिन (गायीच्या सीरममधले प्रथिन) घातले आहे, म्हणजे भिंतीवरच्या जागा ते अडवते. मूळ द्रावण मात्र अल्ब्युमिनशिवाय ठेवले, कारण त्याची जेलवर, म्हणजे प्रथिने वजनानुसार वेगळी करणाऱ्या थरावर, तपासणी करायची आहे आणि मायक्रोग्रॅमभर टीएसएचशेजारी मिलिग्रॅमभर अल्ब्युमिन असले तर जेलवर अल्ब्युमिनच दिसेल. बफर पोटॅशियम फॉस्फेटचे घेतले. सोडियम फॉस्फेट गोठताना त्यातला एक क्षार आधी स्फटिक होतो, सामू झपाट्याने खाली येतो, आणि आम्लात टीएसएचच्या दोन्ही साखळ्या सुटतात.

२८ जून २०२४
जेल पाहिली. नेहमीच्या वाटेत दोन रुंद, कडा पुसट असलेले पट्टे आले. शर्करायुक्त प्रथिनाचे असेच असते. प्रत्येक रेणूवर शर्करेची फांदी थोडी वेगळी, त्यामुळे वजन एकच नसते आणि पट्टा पसरतो. शेजारच्या वाटेत पीएनजीएज एफ या एन्झाइमने शर्करा काढून टाकलेला नमुना होता. तिथे पट्टे खाली सरकले आणि इतके रेखीव झाले की आमच्या तंत्रज्ञ ताईंनी जेल उजेडावर धरून ‘आता कसं इस्त्री केल्यासारखं दिसतंय’ असे म्हटले. छत्तीस किलोडाल्टनच्या (हे रेणूच्या वजनाचे एकक) आसपास आणखी एक फिकट पट्टा आहे. तो एन्झाइमचा स्वतःचा. नवख्या माणसाने त्याला अशुद्धी समजू नये म्हणून जेलच्या फोटोवर तसे लिहून ठेवले आहे.

यावरून दोन्ही साखळ्या आहेत आणि त्यांच्यावर शर्करा आहे, एवढे कळते. दोन्ही साखळ्या एकमेकींना बिलगून आहेत की सुट्या आहेत, हे ही जेल सांगत नाही, कारण नमुना उकळताना त्या सुटतातच.

८ जुलै २०२४
सीरमचा आधार. कंट्रोल पाण्यात किंवा बफरमध्ये करता येत नाही असे नाही, पण रुग्णाच्या सीरममधली प्रथिने, मेद आणि दाटपणा त्यात नसेल, तर चाचणी त्याला वेगळी वागणूक देते. आम्हाला टीएसएच जवळजवळ नसलेले मानवी सीरम हवे आहे. सक्रिय कोळशाने सीरम धुण्याची पद्धत सगळ्यांना माहीत आहे आणि त्यामुळे गोंधळही होतो. कोळसा थायरॉक्सिन, कॉर्टिसॉल यांसारखे लहान रेणू शोषतो. अठ्ठावीस-तीस किलोडाल्टनचे टीएसएच तो काढत नाही. दोन मार्ग उरतात : प्रतिपिंड जोडलेल्या मण्यांच्या स्तंभातून सीरम सोडून टीएसएच अडवणे, किंवा ज्यांचे टीएसएच आधीच दबलेले आहे अशा दात्यांचे सीरम वापरणे. पहिला मार्ग निवडला. तो महाग असला तरी दात्यांवर आणि त्यांच्या आजारावर अवलंबून राहावे लागत नाही. मूळ सीरम संमती घेतलेल्या दात्यांचे असून एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांसाठी तपासलेले आहे.

जतनासाठी सोडियम अझाइड घालण्याची सवय जुन्या मंडळींना आहे. आपल्या किटमध्ये खूण म्हणून हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज वापरलेले आहे आणि अझाइड नेमके तेच एन्झाइम बंद पाडते. म्हणून प्रोक्लिन ३०० घेतले.

२२ जुलै २०२४
मूल्य ठरवण्याचे काम. या प्रकल्पातला हा सर्वांत जड भाग, आणि यावर एका पानापेक्षा जास्त लिहावे लागणार.

वायलवर मायक्रोग्रॅम लिहिलेले आहेत आणि रिपोर्टवर युनिट येतात. मधला पूल म्हणून २१ जूनच्या हिशेबात प्रति मिलिग्रॅम ५ युनिट धरले होते; मिसळण्यासाठी तेवढे पुरते, बाटलीवर छापण्यासाठी पुरत नाही. युनिट हे वजनातून निघत नाही. ते जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिलेल्या मानकाशी तुलना करूनच मिळते. सध्याचे मानवी टीएसएचचे तिसरे आंतरराष्ट्रीय मानक ८१/५६५ या संकेतांकाचे असून ते पियूषिकेतून काढलेले आहे आणि त्याच्या एका ॲम्प्युलमध्ये ११.५ मिली युनिट आहेत. रिकॉम्बिनंट टीएसएचसाठी ९४/६७४ हे वेगळे संदर्भद्रव्य आहे. दोन वेगळी द्रव्ये ठेवावी लागली, यातच दोघांना एका फूटपट्टीने मोजण्यातली अडचण मान्य केलेली आहे.

प्लेटवर मानक, आपला माल आणि काही रुग्ण सीरम यांची विरलने शेजारी शेजारी चालवली. वेलच्या, म्हणजे प्लेटवरील खळग्याच्या, तळाशी बीटा साखळी पकडणारा प्रतिपिंड, वरून एन्झाइम जोडलेला दुसरा प्रतिपिंड. धुतल्यावर टीएमबी हे रंग देणारे द्रव्य घातले की टीएसएच जास्त असलेल्या वेलमध्ये निळा रंग आधी चढतो आणि आम्लाने थांबवल्यावर तोच पिवळा होतो, तो ४५० नॅनोमीटरवर वाचायचा. आपल्या किटमध्ये तिन्हींच्या रेषा समांतर आल्या, म्हणजे विरलन केले तरी एकमेकांशी असलेले प्रमाण कायम राहते आणि मूल्य देण्याला अर्थ आहे.

नंतर तीच नळी बाजारातल्या दुसऱ्या एका किटवर चालवली. रुग्णांच्या सीरमवर दोन्ही किटची उत्तरे जुळली. आपल्या कंट्रोलवर मात्र त्या किटने सुमारे पाचवा हिस्सा कमी दाखवला. रेषा समांतर, पण खाली. दोन्ही किटमधले प्रतिपिंड वेगळे आहेत, आणि त्यांतल्या एकाला शर्करेच्या जवळची जागा लागत असावी, असा माझा अंदाज आहे. अंदाज खरा असो वा नसो, निर्णय बदलत नाही : कंट्रोलच्या बाटलीवर एकच आकडा छापता येणार नाही. ज्या किटवर मूल्य ठरवले, त्याचे नाव आकड्याशेजारी असलेच पाहिजे. टीएसएचसाठी सर्वमान्य संदर्भ मापनपद्धत नसल्यामुळे आंतरराष्ट्रीय पातळीवरही वेगवेगळ्या पद्धतींची उत्तरे रुग्णांच्या नमुन्यांवर एकमेकांशी जुळवून घेण्याचा मार्ग धरलेला आहे. तिथेही शुद्ध संप्रेरक सीरममध्ये टाकून प्रश्न सुटलेला नाही.

विक्री विभागाला हे आवडलेले नाही. ‘सर्व किटसाठी चालणारा कंट्रोल’ असे पत्रक त्यांनी मनात तयार ठेवले होते.

५ ऑगस्ट २०२४
कॉलेज रोडवरील एका पॅथॉलॉजिस्ट मॅडमशी चर्चा. त्यांचा प्रश्न साधा होता : कंट्रोल बरोबर आला म्हणजे रुग्णाचा आकडा बरोबर का? दोन उदाहरणे त्यांच्यापुढे ठेवली, ती इथे लिहून ठेवतो, कारण माहितीपत्रकात घ्यायची आहेत.

पहिले बायोटिनचे. केस-नखांसाठी हल्ली बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. ज्या किटमध्ये बायोटिन आणि त्याला घट्ट पकडणाऱ्या स्ट्रेप्टॲव्हिडिन या प्रथिनाची जोडी वापरलेली असते, तिथे रक्तातले जादा बायोटिन जागा अडवते आणि टीएसएच खोटे कमी दिसते. स्पर्धात्मक पद्धतीच्या (संप्रेरक जितके जास्त तितकी खूण कमी, अशा) मुक्त टी४ म्हणजे थायरॉक्सिनच्या चाचणीत उलट आकडा चढतो. दोन्ही एकत्र पाहिले की थायरॉइड अतिक्रियाशील असल्याचे चित्र तयार होते. कंट्रोलमध्ये बायोटिन नसल्यामुळे तो मात्र बरोबरच येणार.

दुसरे जास्त जवळचे आहे. टीएसएचच्या बीटा साखळीत ५५ व्या स्थानी आर्जिनिन या अमिनो आम्लाऐवजी ग्लायसिन असलेला प्रकार दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत आढळल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. या लोकांचे संप्रेरक काम व्यवस्थित करते, थायरॉइड ठीक असते, परंतु काही प्रतिपिंडांना ते दिसतच नाही आणि रिपोर्टवर टीएसएच शून्याजवळ येते. दुसऱ्या पद्धतीने मोजले की आकडा सामान्य. आपल्या वायलमधले प्रथिन नेहमीच्या क्रमाचे आहे, त्यामुळे कंट्रोल हा दोष कधीही पकडू शकणार नाही. टी४ सामान्य, रुग्ण धडधाकट आणि टीएसएच नाहीसे, असे दिसले तर नमुना वेगळ्या प्रतिपिंडांच्या किटवर पाठवा, हे वाक्य माहितीपत्रकात ठळक अक्षरात जाईल. मॅडम म्हणाल्या की कंट्रोल विकणारा माणूस कंट्रोलच्या मर्यादा छापतो आहे हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिले. त्यात कौतुकापेक्षा शंका जास्त होती, असे मला वाटले.

त्यांनी जाता जाता विचारले की हेच संप्रेरक थायरॉइड कर्करोगाच्या रुग्णांना टोचतात ना? होय, रेणू त्याच कुळातला. अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळालेले थायरोट्रॉपिन अल्फा हे हॅमस्टरच्या पेशींतच बनते, ०.९ मिलिग्रॅमची दोन इंजेक्शने चोवीस तासांच्या अंतराने देतात, म्हणजे थायरोग्लोब्युलिनच्या (कर्करोग परतला का हे दाखवणाऱ्या प्रथिनाच्या) तपासणीसाठी रुग्णाला आठवडेच्या आठवडे थायरॉइडच्या गोळ्या बंद ठेवून सुस्तीत काढावे लागत नाहीत. पण ते औषध निर्जंतुक आणि औषध म्हणून परवाना घेतलेले असते. आपल्या वायलवर ‘मानवी वापरासाठी नाही’ असे छापलेले आहे आणि ते अक्षरशः घ्यायचे आहे.

२ सप्टेंबर २०२४
टिकाऊपणा. बाटल्या उणे २० अंश, २ ते ८ अंश, खोलीचे तापमान आणि ३७ अंश अशा चार ठिकाणी ठेवलेल्या आहेत. थंड कपाटातल्या बाटल्या स्थिर आहेत. ३७ अंशांवरच्या बाटल्यांचा आकडा अपेक्षेप्रमाणे उतरतो आहे आणि तिन्ही पातळ्यांत सर्वांत आधी पहिली पातळी उतरली. पुन्हा पुन्हा गोठवून वितळवलेल्या बाटल्यांवरून सूचना पक्की केली : एकदा वितळवल्यावर पुन्हा गोठवू नये, लहान भाग करून ठेवावेत. ग्रामीण भागातल्या प्रयोगशाळांत फ्रीझरची वीज जाते-येते, त्यामुळे द्रव कंट्रोलऐवजी शुष्क पूड दिलेली बरी, या मतावर मी येत चाललो आहे, जरी पाणी मोजून घालण्याची जबाबदारी मग वापरणाऱ्यावर जाते.

१८ सप्टेंबर २०२४
नवजात बाळांच्या टाचेतून रक्त घेऊन कागदावर वाळवतात, त्या तपासणीसाठी कंट्रोल द्याल का, अशी विचारणा आली. जन्मजात हायपोथायरॉइडिझम वेळेत सापडला तर बाळाची बुद्धी वाचते, त्यामुळे काम मोलाचे आहे, पण ते वेगळे काम आहे. तिथे सीरम चालत नाही. धुतलेल्या तांबड्या पेशी घालून रक्तातले त्यांचे प्रमाण जुळवावे लागते, कारण कागदावर थेंब किती पसरतो हे त्यावर ठरते, आणि कागदातून कापलेल्या ३.२ मिलिमीटरच्या चकतीमध्ये जेमतेम तीन मायक्रोलिटर रक्त असते. या प्रकल्पात घेतलेले नाही. स्वतंत्र प्रस्ताव करायचा आहे.

७ ऑक्टोबर २०२४
लेबल अंतिम केले. पातळीशेजारी किटचे नाव आणि लॉट, मूल्य कशाशी जोडले, त्या मानकाचा संकेतांक, संप्रेरकाचा स्रोत ‘रिकॉम्बिनंट, सस्तन पेशींतील’, जतनद्रव्य, आणि ‘संसर्गक्षम समजून हाताळा’ ही सूचना. छापलेली कक्षा ही फक्त सुरुवातीची आहे, प्रत्येक प्रयोगशाळेने किमान वीस वाचनांवरून स्वतःची सरासरी आणि प्रमाण विचलन काढून लेव्ही-जेनिंग्ज तक्त्यावर, म्हणजे कंट्रोलची रोजची वाचने टिपण्याच्या आलेखावर, आखावे, असेही त्यात आहे. बऱ्याच ठिकाणी छापलेली कक्षाच तक्त्यावर उतरवतात. ती मुद्दाम रुंद ठेवलेली असते, त्यामुळे आकडा सरकू लागला तरी आठवडाभर कळत नाही.

दुसऱ्या किटसाठीचे मूल्य वेगळ्या स्तंभात छापण्याला विक्री विभागाने अखेर होकार दिला आहे. त्या किटचा नवा लॉट या महिन्याच्या अखेरीस येईल, तेव्हा त्यावर तिन्ही पातळ्या पुन्हा चालवायच्या, आणि तोपर्यंत तो स्तंभ रिकामा सोडूनच छपाईला द्यायचा.